कोकणातल्या लॉ कॉलेजचं लीगल क्लिनिक: शिबिरांच्या पलीकडे काय करता येईल?

खाडीकाठ

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातल्या तीन वर्षांच्या एलएलबी कॉलेजसाठी विचारतोय. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतले चारही क्लिनिकल (प्रात्यक्षिक) पेपर शिकवले जातात, विधी सेवा क्लिनिकची, म्हणजे लोकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्राची, पाटीही आहे. प्रत्यक्षात वर्षाकाठी काही शिबिरं, एखादं पथनाट्य, आणि फोटो नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत. परदेशात विद्यार्थी खऱ्या पक्षकारांचं काम करतात. आपल्याकडे कायद्यात बसवून किती करता येईल? सुरुवात कशापासून करावी? पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, मग देखरेख कोणाची?

बाररूम_कोपरा

परदेशातलं सरसकट आणू नका. फिलिपिन्समध्ये विद्यार्थ्यांना वकिलीचं काम करू देणारा नियम १३८-अ १९८६ पासून आहे, २०१९ ला सुधारला. पहिल्या वर्षाचे विषय पूर्ण झाले की विद्यार्थी पर्यवेक्षक वकिलाच्या हाताखाली मुलाखत, सल्ला, मसुदा ही कामं करू शकतो आणि प्रशासकीय प्राधिकरणांपुढे उभा राहू शकतो. तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात त्याला कोर्टाचं दारही उघडतं. अमेरिकेत ६ क्रेडिट अनुभवाधारित शिक्षणाची सक्ती आहे खरी, पण त्यात सिम्युलेशनही (कल्पित प्रकरणांवरचा सराव) चालतं. प्रत्येकाच्या वाट्याला खरा पक्षकार येतोच असं नाही. मला इंग्लंडची सोय जास्त कामाची वाटते. २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी लागणाऱ्या २ वर्षांच्या कामाच्या अनुभवात तिथे लॉ क्लिनिकमधलं काम धरलं जातं, त्यामुळे विद्यार्थी ते मनापासून करतो.

आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३३ आडवं येतं: वकिली फक्त नोंदणी झालेल्या वकिलानेच करायची. कलम ३२ खाली कोर्ट एखाद्या प्रकरणापुरती बिगरवकिलाला परवानगी देऊ शकतं, पण त्यावर क्लिनिक उभं राहत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांना कोर्टात उभं करण्याचा नाद सोडा. मुलाखत, कागद गोळा करणं, तारीखवार घटनाक्रम, कच्चा मसुदा एवढं विद्यार्थ्यांकडे द्या. सल्ला आणि सही वकिलाची.

देखरेखीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्या आणि आठवड्याच्या ठरल्या वारी एक पॅनेल वकील (प्राधिकरणाच्या यादीतला) मागा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम ४(ट) मध्ये लॉ कॉलेजांतल्या क्लिनिकचा उल्लेख आहेच. इंग्रजी प्रतीत ते खंड ‘के’ म्हणून सापडेल. शिवाय १९७९ च्या नियमांप्रमाणे प्रॅक्टिस करणारा वकील दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवू शकतो. तोच माणूस अर्धवेळ शिक्षक म्हणून घेतलात तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

फेरफार_वाचक

पहिल्या वर्षी एकच विषय धरा: वारस नोंद आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद). सगळं घेतलं की काहीच धड होत नाही. कोकणात सामाईक सातबारा, त्यावर पणजोबांपासूनची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत. कुळकायद्याची प्रकरणं सुरुवातीला नकोत. जुने खोती-कुळाचे कागद वाचायलाच एक सत्र जाईल.

फाईलमध्ये चालू सातबारा, ८-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), संबंधित सगळे फेरफार (शेवटचा एकच नव्हे), मृत्यूचा दाखला आणि वंशावळ हवी. वंशावळ विद्यार्थ्याने स्वतः काढायची आणि प्रत्येक नावापुढे आधाराचा कागद लिहायचा. चुका इथेच होतात: लग्न झालेल्या बहिणी गळतात, एकाच नावाचे आजोबा-नातू एक धरले जातात.

मग मुदत. वारसाची खबर महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ३ महिन्यांत द्यायची असते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला ६० दिवस. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर, लाल शाईत, पक्षकाराला आदेश कधी कळला ती तारीख आणि अपिलाचा शेवटचा दिवस. मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थी परीक्षेला बसतात आणि फाईल कपाटात राहते. अपील मुदतबाह्य होण्याचं कारण बहुतेकदा एवढंच. सत्र संपण्याच्या २ आठवडे आधी प्रत्येक चालू फाईल पॅनेल वकिलाच्या ताब्यात, पोच घेऊन. एका वकिलामागे ८-१० विद्यार्थी, दोघांत एक फाईल. जास्त झाले की मसुदे तपासलेच जात नाहीत.

मालवणी_मसुदा

फेरफार_वाचकांचं बरोबर, पण त्याआधीची पायरी राहिली. इथे विद्यार्थी आणि समोरची बाजू भावकीतली निघते. हकिकत ऐकण्याआधी फक्त गाव, वाडी, गट नंबर आणि सातबाऱ्यावरची नावं घ्या, ती यादी विद्यार्थी आणि वकील दोघांना दाखवा. कोणाचा संबंध निघाला तर ती जोडी बाहेर. हे मागाहून केलं तर उपयोग नाही, गोष्ट तोवर वाडीवर पोचलेली असते.

गुप्ततेचंही लेखी ठरवा. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण वकील, दुभाषे आणि वकिलाचे कारकून-कर्मचारी यांना आहे. विद्यार्थ्याचं नाव त्यात नाही. म्हणून विद्यार्थी वकिलाचा सहायक म्हणूनच मुलाखतीला बसेल, तसं पक्षकाराच्या संमतीपत्रात लिहा. नोंदी विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये नकोत.

आणि हक्कसोड, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त! भाऊ बहिणीला घेऊन येतो, ‘ताईची हरकत नाही, कागद तेवढा करून द्या.’ तुमचा पक्षकार कोण, हे तिथेच ठरवा. भाऊ असेल तर बहिणीला सल्ला द्यायचा नाही. तिला स्वतंत्र वकील मिळतो, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. नोंदणी न केलेल्या, नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या हक्कसोडीचा मसुदा क्लिनिकमधून बाहेर पडता कामा नये.

खाडीकाठ

आभार. गुणांत हे कुठे बसवायचं? विद्यापीठ नवा पेपर देणार नाही.

बाररूम_कोपरा

नवा पेपर लागत नाही. चार क्लिनिकल पेपरांपैकी मूट कोर्टच्या (अभिरूप न्यायालयाच्या) पेपरात ३० गुण मूटचे, ३० खटल्यांच्या निरीक्षणाचे, ३० मुलाखत आणि खटलापूर्व तयारीचे, १० तोंडी. तिसऱ्या भागात पक्षकाराच्या २ मुलाखती पाहून डायरीत लिहायच्याच असतात. त्या क्लिनिकमध्ये करा; मात्र डायरीत नाव-गाव-गट नंबर नको.

मालवणी_मसुदा

वेळापत्रकही बघा. सगळे हिस्सेदार एकत्र सापडतात ते गणपतीत आणि थोडेफार शिमग्याला, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजला सुट्टी. चाकरमानी परतायच्या आत वंशावळ तपासून घ्यायची आणि सह्या करून घ्यायच्या. म्हणून पॅनेल वकिलाचे त्या आठवड्यातले २ दिवस जूनमध्येच मागून ठेवा, आणि कागद श्रावणातच तयार असू द्या.