मदत हवी आहे: आरगॉन सोडला तरी अमोनिया सापडतोय

नमस्कार मंडळी, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

माझी पीएचडी नायट्रोजन रिडक्शनवर आहे: साध्या तापमानाला हवेतला नायट्रोजन, पाणी आणि वीज वापरून अमोनिया करायचा. कारखान्यांतल्या नेहमीच्या हेबर-बॉश पद्धतीला ४००-५०० अंश सेल्सिअस तापमान आणि शंभराहून जास्त वातावरणांचा दाब लागतो, शिवाय हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतून येतो. आपल्या थळच्या खत कारखान्याचा युरियाही त्याच वायूवर होतो. याला सौरविजेवरचा पर्याय मिळावा असं मनापासून वाटतं, म्हणूनच खोटा आकडा छापायचा नाहीये.

सेटअप असा: एच-सेल (दोन कप्प्यांचा सेल), मध्ये नॅफिऑन ११७ (धन आयन जाऊ देणारं मेम्ब्रेन, म्हणजे पडदा), ०.१ मोलर सोडियम सल्फेटचं द्रावण. कॅटलिस्ट म्हणजे मेलामाइनपासून केलेल्या कार्बनवर लोह. अमोनिया इंडोफिनॉल पद्धतीने (अमोनिया असला की निळा रंग येतो), ६५५ नॅनोमीटरला मोजते. नायट्रोजन सोडला की छान निळा रंग येतो. पण नायट्रोजनऐवजी नुसता आरगॉन सोडला तरीही येतो, जेमतेम फिका! वीज न देता सेल तसाच ठेवला तर मात्र रंग जवळपास नाहीच.

म्हणजे वीज लागल्यावरच काहीतरी सुटतंय. मला तीन संशय आहेत. एक, मेलामाइनचा नायट्रोजन कॅटलिस्टमधूनच बाहेर पडतोय. दोन, आधीच्या रनमधलं अमोनियम नॅफिऑनने धरून ठेवलंय आणि करंट सुरू झाला की ते सोडियमबरोबर कॅथोडकडे सरकतंय. तीन, सोडियम सल्फेटमध्ये अशुद्धी म्हणून असलेलं नायट्रेट, विजेने त्याचाही अमोनिया होतो. यातला दुसरा मला जास्त पटतो, कारण मेम्ब्रेन नवं घातलं तेव्हा रंग बराच उतरला होता. नॅफिऑनऐवजी सेलगार्ड (सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा) वापरून कुणी पाहिलंय का? त्यातून ऑक्सिजन पलीकडे येऊन त्रास होतो का? आणि एकच इलेक्ट्रोड आरगॉनमध्ये रात्रभर चालवला, तर कॅटलिस्टमधला सुटा नायट्रोजन संपून अमोनिया थांबायला हवा ना?

नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड समस्थानिक; त्याचाच अमोनिया दिसला तर तो सोडलेल्या गॅसमधून झाला हे कळतं) लागणारच हे माहीत आहे. २०१९ च्या 'नेचर'मधल्या प्रोटोकॉलनंतर त्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण सिलिंडर फार महाग, त्यात तो गॅसही अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइडपासून आधी धुऊन घ्यावा लागतो. थोडाच गॅस पंपाने सेलमध्ये फिरवत ठेवणारी बंद व्यवस्था कुणी बांधली असेल, तर नळ्या कसल्या वापरल्या आणि गळती कशी तपासली ते सांगाल का? एनएमआरमध्ये नायट्रोजन-१५ च्या अमोनियाचं डब्लेट (जोडशिखर) इतक्या कमी अमोनियात स्पष्ट दिसायला किती स्कॅन घ्यावे लागले, तेही कळलं तर सिलिंडरची ऑर्डर देता येईल.