कूपेच्या भरवशावर राहू नका

नाशिकरोडहून वाराणसीला दोघांनीच जायचं आहे, रात्रीच्या प्रवासात एकत्र बसता यावं म्हणून फर्स्ट एसीचा कूपे घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. कूपे दोन बर्थचा असतो हे खरं, पण तो मिळणार की चार बर्थची केबिन, हे चार्ट लागल्यावरच कळतं. त्यासाठी एवढे पैसे घालू नका.

मी मनापासून सांगेन, सेकंड एसीत साइडचे दोन बर्थ बघा. 5-6, 11-12 अशा जोड्या असतात. (थ्री एसीत आणि स्लीपरमध्ये 7-8, 15-16.) खालचा बर्थ दिवसा मधून दुमडला की समोरासमोर दोन खुर्च्या होतात, मध्ये खिडकी. आम्ही लग्नाच्या तिसऱ्या वर्षी असे गेलो. मनमाड मागे पडल्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. डबा दोघांच्या गुडघ्यांवर ठेवला होता, गाडीनं हिसका दिला की दोघंही एकदम धरायचो. भुसावळपर्यंत इतकं बोललो, तेवढं घरी महिन्यात होत नाही. घरी कुकर, फोन, सासूबाईंची औषधं, काही ना काही चालूच असतं.

साइड बर्थची लांबी मात्र कमी, उंच माणसाचे पाय दुमडतात. तुमचे अहो उंच असतील तर आतले खालचा-वरचा घ्या. आणि नाशिकरोडला गाडी फार थांबत नाही, डब्याची जागा आधी बघून उभं राहा.