मॉरिशसला 'सगळं आपलंच' समजून जाऊ नका

शहापूरकर
कालच्या पोस्टमध्ये एकानं लिहिलंय, "मॉरिशस म्हणजे दुसरं कोकणच. हिंदी चालते, रुपया चालतो, गणपती बसतो. बॅग भरा नि निघा." नोकरीचं पत्र हातात असलेली पोरं हे वाचून खरंच तशीच निघतील, म्हणून लिहितोय.

रुपया नावाला रुपया, चलन वेगळं. ऋतू उलटे: जुलै-ऑगस्टला थंडी, डिसेंबर ते मार्च उकाडा. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, आपल्याला राजधानी पोर्ट लुईचा दमटपणा सोसत नाही. क्युरपिप हे गाव पठारावर, साधारण साडेपाचशे मीटरवर. घर तिकडंच बघा.

वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच, पण सॉकेट बहुधा ब्रिटिश, चपट्या तीन पिनांचं. मिक्सर प्रवासी अडॅप्टरवर चालवू नका. आपल्या गोल पिना त्यात ढिल्या बसतात, ठिणगी पडते, प्लास्टिक वितळतं. तिथला प्लग घेऊन बसवा: तपकिरी तार फ्यूजच्या बाजूला, निळी समोरच्या दुसऱ्या पिनेला, हिरवी-पिवळी वरच्या लांब पिनेला. जुन्या वायरीत तेच लाल, काळा, हिरवा. प्लगमध्ये बहुतेक वेळा १३ अँपिअरचा फ्यूज येतो, तो काढा. ७५० वॅटचा मिक्सर साडेतीन अँपिअरच्या आतच घेतो, पण मोटर सुरू होताना ओढ जास्त असते म्हणून ३ चा उडतो. ५ चा घाला. १३ चा ठेवलात तर आधी वायर तापेल, फ्यूज तसाच राहील.

जांबोटीचा पाऊस
प्लगचं बरोबर. घराचं साफ चूक. क्युरपिपला पाऊस नि धुकं इतकं की कपाट भिंतीला टेकवलं तर मागची फळी हिरवी होते, चामडी चप्पल पांढरी पडते. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला हे सांगायला नको. मधल्या उंचीचं क्वात्र बोर्न किंवा रोझ हिल बघा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा. ज्वारीचं पीठ एकेक किलोच्या पिशव्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवायचं, बाहेर ते लवकर कडू होतं. आणि कढीपत्त्याची पानं, बी-बियाणं बॅगेत लपवून नेऊ नका, झाडपाल्याला परवाना लागतो. तिथल्या बाजारात 'कारीपुले' म्हणून मागा, मिळतो. कोथिंबिरीला 'कोतोमिली', भेंडीला 'लालो'.

निपाणीच्या वैनी
घर कुठं घ्यायचं यावर एवढं भांडताय, चक्रीवादळाचं कोणीच बोलेना. नोव्हेंबरपासून हंगाम. इशारे १ ते ४. तिसऱ्याला कचेऱ्या, बस बंद, म्हणून पाणी, औषधं, गॅस पहिल्यालाच बघायचं. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, तीन दिवसांचं. वारा एकदम पडला तर वादळ संपलं असं समजू नका. डोळा डोक्यावर आलेला असतो, थोड्या वेळानं उलट्या दिशेनं तेवढाच जोर येतो. लोक त्याच वेळी छपराचे पत्रे बघायला बाहेर पडतात. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पुरात गाड्या वाहून गेल्या. तळमजल्याचं घर घेताना ओढा कुठं आहे ते आधी विचारा.

शहापूरकर
वैनी, हे माझ्या यादीत हवं होतं. मान्य. घराबद्दल मात्र मी ठाम आहे.

टिळकवाडी_२
"हिंदी चालते" याचं काय? हिंदी पुष्कळांना कळते, पण बाजार, बस, कामावरच्या गप्पा सगळ्या क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून झालेल्या तिथल्या बोलीत. पेपर बहुतेक फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. क्रिओल अवघड नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही: 'मो पे मांझे' जेवतोय, 'मो फिन मांझे' जेवलो, 'मो पू मांझे' जेवेन. चार शब्द क्रियापदाच्या आधी लावायचे एवढंच.

हिंडलगा रोड
हेच! तिकडं क्रिओल शिकायला एका पायावर तयार, इथं कन्नड शिका म्हटलं की मोर्चा.

टिळकवाडी_२
काय ओ, कुठलं कुठं जोडताय! क्रिओल शिकतो तो नोकरीसाठी, आपणहून परमुलखात जाऊन. इथं माणूस आपल्याच गावात आहे आणि त्याला घरपट्टीची नोटीस कळत नाही. कन्नड बहुतेकांना येतंच, बाजारात रोज बोलतात. मराठीतही कागद द्या, एवढंच मागणं आहे. मॉरिशसमध्ये मराठी माणसं मूठभर, तरी सरकारी शाळेत मराठी हा विषय आहे, मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये वरपर्यंत शिकता येते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी आहे.

हिंडलगा रोड
आणि त्यांच्या घरात काय बोलतात? क्रिओल! शाळेत विषय ठेवून भाषा चुलीपाशी राहिली नाही.

टिळकवाडी_२
ते खरंय. झोंबलं तरी खरंय. पण म्हणूनच इथं कागदात मराठी हवी.

जांबोटीचा पाऊस
कागदाचा विषय काढलाच आहे तर परदेशी जाणाऱ्याचा खरा घोळ तिथंच आहे, तो ऐका. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. जुन्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. दहावीच्या गुणपत्रिकेवर कर्नाटकी पद्धतीनं नुसती आद्याक्षरं, पासपोर्टवर बापाचं नाव नि आडनाव पूर्ण. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करा, गावाच्या नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा. दाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडा. मग राज्याची पडताळणी, शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा शिक्का. क्रम चुकला की कागद परत येतो. पदवीची पडताळणी ज्या विद्यापीठानं पदवी दिली तिथंच होते: बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, त्याआधीच्या पदव्या बहुतेक धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या, म्हणजे फेरी धारवाडला.

हिंडलगा रोड
ह्या कामाला कन्नड येणारा माणूस बरोबर न्यावा लागतो, हे तरी कबूल करा.

टिळकवाडी_२
कबूल. धारवाडच्या खिडकीवर कन्नडच बोलायचं, काम लवकर होतं. पण खिडकीवरचा अर्ज मराठीतही असावा हे मी सोडणार नाही.

निपाणीच्या वैनी
झालं असेल तर एक सांगा. आट्याच्या छोट्या चक्कीलाही पाचचाच फ्यूज का?

शहापूरकर
चक्कीच्या मागच्या पाटीवरचे वॅट बघा, वैनी, २३० नं भागा. उत्तर तीन-साडेतीनच्या आत असेल तर पाच. वर गेलं की तेरा, पण वायर दीड चौरस मिलिमीटरची हवी.