लिलीला दुसऱ्या वर्षी फूल आलं का? पुण्यातल्या बागांचे अनुभव

नर्सरीतून आणलेला लिलीचा कांदा पहिल्या वर्षी बहुधा फुलतोच. फुलायला लागणारी सगळी शिदोरी तो सोबत घेऊन आलेला असतो. खरी कसोटी पुढच्या वर्षी लागते. म्हणून इथे एवढंच विचारते: तुमच्या अंगणात, गच्चीवर, गॅलरीत कुठली लिली पुन्हा फुलली, आणि त्यासाठी काय केलंत? जात नक्की लिहा. ॲमेरिलिस, रेन लिली, फुटबॉल लिली, स्पायडर लिली या सगळ्या ॲमेरिलिसच्या कुळातल्या. एशियाटिक आणि ओरिएंटल या खऱ्या लिली. दोन्हींच्या तऱ्हा वेगळ्या आहेत, एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

कोथरूड, पूर्वेची गॅलरी

माझ्याकडे लाल आणि पांढऱ्यावर गुलाबी रेघांची, अशा दोन ॲमेरिलिस आहेत. दोन्ही दरवर्षी फुलतात. कांदा लावताना वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवते. कुंडी कांद्यापेक्षा जेमतेम दोन-दोन बोटं मोठी, जास्त नाही.

फुलं गेली की फक्त दांडा कापायचा. पानांना हात लावायचा नाही, पुढच्या वर्षीचं फूल तीच पानं पावसाळाभर कमावत असतात. त्या काळात शेणखत आणि थोडी नीमपेंड देते. दिवाळीनंतर पाणी कमी करत करत बंद. पानं पिवळी पडून वाळतात, पडू द्यायची. कुंडी भिंतीच्या कडेला कोरडी पडून राहते, आणि घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, "हिच्यात काही नाही का?" महाशिवरात्रीच्या सुमारास वरची माती खरवडून नवीन घालते आणि एकदा भरपूर पाणी देते.

मग रोज सकाळी बघायचं. पान असेल तर टोक चपटं आणि पातळ असतं. कळी मात्र कांद्याच्या बाजूने येते, जाडसर, टोकाशी किंचित लालसर. दांडा हातभर होतो, वरचं कागदासारखं आवरण फाटतं आणि आतून चार कळ्या चार दिशांना वळतात. दांडा आतून पोकळ असतो, फुलं जड. आधीच काठीला बांधून ठेवा.

सिंहगड रोड, गच्ची

रेन लिली, गुलाबी आणि पिवळी. उन्हाळ्यात मुद्दाम तहानलेली ठेवते. कोरड्या दिवसांनंतर वळवाचा एक चांगला पाऊस झाला की काही दिवसांत कुंडी भरून फुलं. पांढरी उशिरा येते, पाऊस ओसरताना. खत जवळजवळ देत नाही. कांदे दाटीने असलेले त्यांना आवडतात, उगाच सुटे करू नका.

औंध, बंगल्याची बाग

मी ओरिएंटल लिलीबद्दल लिहितो, कारण या बाबतीत लोकांची फार निराशा होते. हे कांदे बहुतेक हॉलंडहून येतात, शीतगृहात थंडी खाऊन आलेले असतात. डिसेंबरात लावले, फेब्रुवारीअखेर फुलले. संध्याकाळी फाटकापर्यंत वास यायचा. पुढच्या वर्षी नुसती पानं आली.

कारण सरळ आहे. फुलण्याआधी या कांद्याला काही आठवडे सलग, दोन ते पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे कुडकुडायला होतं, पण दुपारी पारा पुन्हा २८-३० वर.

मग फ्रिजचा उपाय केला. पानं पिवळी पडल्यावर कांदे काढले, दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) भोकं पाडलेल्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवले. सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने कोंब बिघडतात. ॲमेरिलिससारखे हे कांदे कोरडे टाकू नका. यांना वरची सुकी साल नसते, उघडे खवले असतात आणि ते सुकून जातात. लावताना चार ते सहा इंच खोल लावा, कारण कांद्याच्या वर दांड्यालाही मुळं फुटतात. फुलं आली, पण दांडा बुटका आणि कळ्या निम्म्याच. माझं मत स्पष्ट आहे: पुण्यात ओरिएंटल ही एका मोसमाची पाहुणी समजून लावावी आणि तेवढा आनंद पुरेपूर घ्यावा.

बाणेर

वरच्या अनुभवाला जोडून फार महत्त्वाचं: घरात मांजर असेल तर खरी लिली आणि डे लिली (नावात लिली, पण कूळ वेगळं) आणूच नका. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, अंगावर पडून चाटलेले परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात. काही चघळल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. ॲमेरिलिसचे कांदेही विषारीच, कुत्र्यांना उकरू देऊ नका.

सहकारनगर, जमिनीतला वाफा

कोथरूडच्या ताई, तुमच्या गॅलरीत अळी येत नाही का? आमच्याकडे पाऊस सुरू झाला की हमखास येते. काळी अळी, अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके, दिसायला देखणी. स्पायडर लिली आणि ॲमेरिलिसवर तुटून पडते. पिल्लं आधी पानाच्या आत शिरून हिरवा गर खातात, त्यामुळे पान पारदर्शक दिसायला लागतं. तीच वेळ ओळखायची. मोठी झाल्यावर दोन रात्रींत पानांचा फडशा पाडून कांद्याच्या मानेपर्यंत पोचते.

मी सकाळी पानं उलटी करून बघतो. अंड्यांचा पुंजका असेल तर तेवढा तुकडा कापून टाकतो. मोठ्या अळ्या साबणाच्या पाण्यात. निंबोळी तेल लहान अळ्यांवरच उपयोगी पडतं. कोष मातीत असतो, म्हणून पावसाळ्यानंतर वरची माती हलवून उन्हं दाखवायची.

दुसरी गोष्ट, आपली काळी माती. पाणी धरून ठेवते, कांदा कुजतो. वाफा वीतभर उंच केला, विटांचे तुकडे आणि जाड वाळू मिसळली, तेव्हापासून कुजणं थांबलं.

पाषाण

फुटबॉल लिली सासूबाईंनी सदाशिव पेठेतल्या वाड्यातून आणलेली. मे महिन्यात एकदाच लाल गोळा येतो, त्यानंतर पानं, थंडीत सगळं गुडूप. कुंडीवर ऑइलपेंटने नाव लिहून ठेवलंय, नाहीतर रिकामी समजून कोणीतरी माती उपसतं. सारखी जागा बदललेली तिला चालत नाही.

डेक्कन, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका

कळलावी, म्हणजे ग्लोरिओसा लिली, लावायची हौस अनेकांना असते. पावसाळ्यात सह्याद्रीत ती फुललेली दिसली की मोह होणारच, पण तिथून उकरून आणू नका. नर्सरीतून घ्या. गाठ इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि कोंब टोकालाच येतो; टोक मोडलं तर ती गाठ फुटत नाही. पानाच्या टोकाचा ताणा धरून चढते, म्हणून बारीक काटक्यांचा आधार द्या. संपूर्ण झाड विषारी, गाठ सर्वांत जास्त. लहान मुलं असतील तर विचार करा.

आणखी एक नाव सांगते: क्रायनम वुडरोवी. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरातली ही पांढरी लिली जगात अगदी थोड्या जागी आहे. ज्यांच्यावरून नाव पडलं ते वुडरो पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत. ही मात्र बागेत आणायची नाही, जागेवर जाऊन बघायची.

कात्रज

स्पायडर लिली जिन्याखालच्या सावलीत नुसती पानं काढत होती. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागी हलवल्यावर फुलायला लागली, संध्याकाळी मंद वास येतो. आता कुंडी फुटायला आली आहे. कांदे मेअखेर सुटे करणार आहे, पावसाआधी लावले की पटकन धरतात. हवे असतील त्यांनी इथेच लिहा, येताना रिकामी कुंडी आणा.