ब्रशलेस मोटरनंतर ड्राइव्हशाफ्ट तुटतात, ट्रक वळणावर उलटतो: आधी काय बदलावे?

धूळवाट:
माझ्याकडे रिमोटवर चालणारा, १/१० मापाचा, चारही चाकांना ताकद जाणारा शॉर्ट कोर्स ट्रक आहे. मूळची ब्रशवाली मोटर काढून मी ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर बसवली आणि २एस (दोन सेलच्या, ७.४ व्होल्ट) ऐवजी ३एस (तीन सेलची, ११.१ व्होल्ट) लायपो बॅटरी वापरू लागलो. तेव्हापासून उडीनंतर जमिनीवर उतरताना मागचे प्लॅस्टिकचे ड्राइव्हशाफ्ट (चाकांना ताकद पोहोचवणारे दांडे) पिळवटून तुटतात, स्पर गिअरचे (मोटरकडून फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात एकाच जागी सोलवटून निघतात आणि कोरड्या, घट्ट मातीवर वेगात वळवला की ट्रक बाहेरच्या बाजूला उलटतो. स्परला ५४ आणि पिनियनला (मोटरवरच्या लहान गिअरला) १५ दात आहेत. मध्ये डिफरेन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) नसून स्लिपर क्लच (जास्त झटका आला की सरकणारा क्लच) आहे. सगळे ड्राइव्हशाफ्ट पोलादी आणि सस्पेन्शनचे आर्म ॲल्युमिनियमचे करून घ्यावेत असा विचार आहे. तो योग्य आहे का?

दातेरी चक्र:
सुटे भाग घेण्याआधी गिअरिंगकडे पाहा, कारण मूळ दुखणे तिथे आहे असे मला वाटते. ३५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेते, तर ११.१ व्होल्टवर सुमारे ३८,८५०. वेग दीडपट झाला, पण आपले गुणोत्तर ५४ भागिले १५, म्हणजे ३.६ एवढेच राहिले. ११ दातांचे पिनियन लावल्यास ते ४.९१ होईल. वरचा वेग थोडा कमी होईल, पण मोटर बरीच थंड राहील. नंतर कधी मोठ्या व्यासाचे टायर लावलेत, तर पिनियन आणखी लहान करावे लागेल. ट्रक थांबवल्याबरोबर मोटरचे तापमान मोजत जा. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले, तर गिअरिंग अजून जड आहे, म्हणजे पिनियन आणखी लहान हवे, असे समजावे.

स्परचे दात एकाच जागी जातात, याचा अर्थ बहुधा दोन गिअरमधले अंतर चुकले आहे किंवा स्लिपर इतका आवळला आहे की तो सुटतच नाही. कागदाची अरुंद पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये धरून पिनियन स्परवर दाबावे, मोटरचे स्क्रू आवळावेत आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या स्वच्छ घड्या दिसाव्यात, पण ती फाटू नये. ही तपासणी स्परच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी करा, कारण प्लॅस्टिकचा स्पर पुष्कळदा पूर्ण गोल नसतो आणि एका जागी बरोबर वाटलेले अंतर दुसऱ्या जागी घट्ट होते. स्लिपरचे नट असे लावा की पूर्ण थ्रॉटल दिल्यावर सुरुवातीला क्लच क्षणभर सरकल्याचा बारीक आवाज येईल आणि मग तो पकड घेईल.

उताराची माती:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र एक भर घालतो. ट्रक हवेत असताना थ्रॉटल उघडाच राहिला, तर चाके भन्नाट वेगाने फिरत खाली येतात आणि जमिनीला टेकताच एकदम अडतात. तो सगळा झटका शाफ्टमध्ये जातो. त्यामुळे टेकण्यापूर्वी थ्रॉटल सोडण्याची सवय लावणे, हा सर्वांत परिणामकारक बदल आहे.

पोलादी सीव्हीडी (टोकाला फिरता सांधा असलेले) शाफ्ट जरूर घ्या. प्लॅस्टिकच्या सरकत्या शाफ्टना ३एसची ताकद पेलवत नाही. पण शाफ्ट भक्कम झाले की झटका पुढच्या भागाकडे, म्हणजे डिफरेन्शियलच्या क्राउन आणि पिनियन या गिअरांकडे जातो. त्यामुळे त्याच वेळी डिफरेन्शियल उघडून क्राउन आणि पिनियन यांतली ढिलाई पातळ शिम (चकत्या) घालून काढावी. ॲल्युमिनियमच्या आर्मना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. नायलॉनचा आर्म आदळल्यावर वाकून पुन्हा सरळ होतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, नाहीतर बल्कहेडच (आर्म ज्यावर बसतो तो भाग) तोडतो. ॲल्युमिनियम वापरायचेच असेल, तर मागच्या बेअरिंग कॅरिअरला (चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या भागाला) वापरा. तिथे प्लॅस्टिक लवचते आणि बेअरिंग तिरके बसते. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. प्लॅस्टिकला ते लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकते.

समतोल:
उलटण्याविषयी लिहितो. घट्ट मातीवर टायरची पकड ट्रकच्या उंचीला झेपेनाशी होते, म्हणून तो कलंडतो. आधी राइड हाइट (जमिनीपासून ट्रकची उंची) कमी करा: ट्रक थोडा वरून सोडून स्थिरावू दिला की मागचे ड्राइव्हशाफ्ट साधारण आडवे दिसावेत. त्यानंतर पुढे जाडसर अँटीरोल बार (ट्रक कलणे रोखणारी दांडी) लावा. पुढची पकड थोडी कमी होऊन ट्रक सौम्यपणे वळेल. तरीही उलटत असेल, तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला सायनोॲक्रिलेट गोंदाचा पातळ थर देऊन वाळू द्यावा. कड मातीत रुतत नाही. शॉकमध्ये एक पायरी जाड तेल भरा, पण भरताना पिस्टन हळूहळू वर-खाली करून हवेचे बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत थांबा. हवा राहिली की दोन्ही बाजूंचे शॉक वेगवेगळे वागतात आणि मग कोणतीच मांडणी जमत नाही.

धूळवाट:
सर्वांचे मनापासून आभार. आर्म नायलॉनचेच ठेवतो. स्लिपर काढून मध्ये डिफरेन्शियल बसवल्यास शाफ्टवरचा ताण कमी होईल का?

उताराची माती:
काही प्रमाणात होईल, कारण मधले डिफरेन्शियल पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देते आणि एका टोकाचा झटका दुसरीकडे वाटून देते. मात्र त्यात तेल पातळ असेल, तर जोरात थ्रॉटल देताच हलकी झालेली पुढची चाके नुसतीच फिरून फुगतात आणि ट्रक पुढे जात नाही. ३एसवर मध्ये १०,०००, पुढे ७,००० आणि मागे ३,००० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचे एकक) सिलिकॉन तेलापासून सुरुवात करावी. वळणातून बाहेर पडताना मागचा भाग घसरत असेल, तर प्रथम मागचे तेल पातळ करा. मधल्याला लगेच हात लावू नका.