रूम स्प्रेत तेल वर तरंगतंय: सोल्युबिलायझर किती घालायचा आणि कधी?

रानजाई:
पाण्यातला रूम स्प्रे करायचा आहे, अल्कोहोल नको आहे. सध्याचं माप असं: डिस्टिल्ड वॉटर ९५ ग्रॅम, लॅव्हेंडरचं फ्रॅग्रन्स ऑइल २ ग्रॅम आणि सोल्युबिलायझर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून धरणारा पदार्थ, म्हणून पॉलिसॉर्बेट-२० हे ३ ग्रॅम. बाटलीत आधी पाणी, मग तेल, शेवटी पॉलिसॉर्बेट, आणि झाकण लावून जोरात हलवणं. लगेच ताकासारखं पांढरं होतं, वर बोटभर फेस येतो आणि दुसऱ्या दिवशी काचेला वरच्या बाजूला तेलकट कडं दिसतं. याच मापात संत्र्याचं इसेन्शियल ऑइल घातलं तर आणखी बिघडतं. व्हॅनिलाचं मिश्रण तर चॉकलेटी होऊन तळाशी गाळ धरतं.

प्रमाण कमी पडतंय की क्रम चुकतोय? प्रत्येक वासाला वेगळं माप लागतं का? प्रिझर्व्हेटिव्ह खरंच हवा का, की थोडी वोडका किंवा व्हिनेगर घालून भागतं? आणि ही गढूळ बाटली वाचेल का?

द्रावणवही:
दोन्ही चुकतंय, पण आधी क्रम सुधारा. निम्मा त्रास तिथेच आहे.

पॉलिसॉर्बेटच्या रेणूला एक टोक पाण्याचं आणि एक तेलाचं असतं. पाण्यात हे रेणू एकत्र येऊन बारीक गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. तेल या गोळ्यांच्या पोटात शिरलं की द्रावण पारदर्शक दिसतं, कारण गोळे इतके लहान असतात की उजेड त्यांच्यावर फारसा विखुरत नाही. तुमच्या क्रमात तेल आधीच पाण्यावर पसरलेलं असतं. मग हलवल्यावर त्याचे मोठे थेंब होतात, पॉलिसॉर्बेट त्या थेंबांभोवती नुसतं आवरण धरतं आणि तयार होतं ते दुधाळ इमल्शन. ते आज ना उद्या फुटणारच.

म्हणून कोरड्या काचेच्या बीकरमध्ये तेल आणि पॉलिसॉर्बेट आधी एकत्र करा. पाण्याचा एक थेंबही आत नको. काचेच्या कांडीने दोन मिनिटं सावकाश ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. मिश्रण मधासारखं, पण स्वच्छ दिसलं पाहिजे. इथेच धूसर दिसलं तर पाणी घालून ते सुधारेलच असं नाही. त्या तेलाला दुसरा सोल्युबिलायझर लागण्याची शक्यता जास्त.

मग पाणी, तेही थोडं थोडं. मिश्रण ८ ग्रॅम असेल तर पहिलं ८ ग्रॅम पाणी चार हप्त्यांत घाला आणि प्रत्येक हप्ता पूर्ण मुरल्यावरच पुढचा. याच टप्प्यावर बीकरमध्ये जेल धरतं: कांडी उचलली की तार निघते, कधी कधी कांडी उभी राहील इतकं घट्ट होतं. बिघडलं म्हणून बहुतेक जण इथेच टाकून देतात. पण पाणी कमी असताना मायसेल एकमेकांना चिकटून रांगा धरतात, म्हणून घट्टपणा येतो. ढवळत राहा, पाणी घालत राहा, जेल सुटतं आणि पाण्यासारखं पातळ होतं. त्यानंतर उरलेलं पाणी बारीक धारेने ओतलं तरी चालतं. मिक्सर किंवा हँड ब्लेंडर अजिबात नको. त्याने फक्त फेस होतो, आणि फेसाने भरलेलं द्रावण स्वच्छ आहे की गढूळ हे दुसऱ्या दिवसापर्यंत कळत नाही.

आणि सगळं वजनाने मोजा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. थेंबांचा हिशोब नको: ड्रॉपरचं तोंड आणि तेलाचा दाटपणा बदलला की थेंबाचं वजनही बदलतं.

मापटं:
वरच्या क्रमाशी पूर्ण सहमत. आता प्रमाणाचं.

तुमचं माप १ भाग तेलाला दीड भाग पॉलिसॉर्बेट असं आहे. इतक्यात भागणारी तेलं थोडी. सुरुवात कुठून करायची एवढंच सांगता येतं: लॅव्हेंडरसारख्या तेलाला १ ला ३ ते ४, संत्रं-लिंबू वर्गाला १ ला ५ ते ८. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट असतं, ते रेणू पाण्याशी थोडंफार जुळवून घेतात. संत्र्याचं तेल जवळजवळ सगळं लिमोनीन, म्हणजे निव्वळ हायड्रोकार्बन. ते पाण्याला पाठच दाखवतं, म्हणून जास्त मायसेल लागतात. तयार फ्रॅग्रन्स ऑइलमध्ये आणखी एक गोष्ट बघा: ते डायप्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये पातळ केलेलं असेल तर सहज विरघळतं. मेणबत्तीसाठी विकलं जाणारं आयसोप्रोपिल मायरिस्टेटसारख्या तेलकट पायात असेल तर सोल्युबिलायझरला तो पायाही पेलावा लागतो. विक्रेत्याकडून डेटा शीट मागून घ्या.

खरं प्रमाण मात्र चाचणीतूनच काढायचं. सहा छोट्या काचेच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत ०.२० ग्रॅम तेल. पॉलिसॉर्बेट अनुक्रमे ०.२०, ०.४०, ०.६०, ०.८०, १.२० आणि १.६० ग्रॅम. आधी दोन्ही एकजीव करा, मग एकूण वजन १० ग्रॅम होईपर्यंत हप्त्याहप्त्याने पाणी. झालं, २ टक्के सुगंधाला १ ला १ पासून १ ला ८ पर्यंतची शिडी तयार. बाटल्यांवर माप आत्ताच लिहा, उद्या सगळ्या सारख्याच दिसतील.

२४ तास थांबा, मग बाटलीमागे छापील कागद धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर पास. अक्षरं दिसतात पण द्रावणाला निळसर झाक आहे, विशेषतः बाजूने उजेड पडल्यावर, तर गोळे मोठे झालेत आणि तुम्ही काठावर आहात. त्याच्या पुढची पायरी घ्या. अक्षरं पुसट, म्हणजे नापास. जी सगळ्यात कमी मापाची बाटली स्वच्छ राहील ती फ्रिजमध्ये एक दिवस, मग ४० अंशांच्या आसपासच्या उबेत एक दिवस, असं तीनदा फिरवा. थंडीत धूसर होऊन पुन्हा खोलीच्या तापमानाला निवळली तर वापरण्याजोगी आहे, पण थोडा सोल्युबिलायझर वाढवलेला बरा. उबेत गढूळ होत असेल तर तो क्लाउड पॉइंट. पॉलिसॉर्बेटच्या पाणीवाल्या टोकाची पाण्यावरची पकड उष्णतेने सैल होते, आणि द्रावणात मीठ असेल तर हे आणखी कमी तापमानाला होतं.

व्हॅनिलाचा चॉकलेटी रंग मात्र सोल्युबिलायझरच्या माथी मारू नका. व्हॅनिलिन हवेने आणि उजेडाने काळपट पडतंच. ते पूर्णपणे थांबवता येत नाही. गडद बाटली घ्या आणि पांढऱ्या पडद्यावर मारू नका. गाळाचं कारण वेगळं, तिथे पॉलिसॉर्बेट २० कमी पडतंय. त्याची शेपटी लॉरिक अॅसिडची, आखूड. ती हलक्या सुगंधी रेणूंना बरी. जड, राळेसारख्या वासांना पॉलिसॉर्बेट ८० किंवा पेग-४० हायड्रोजिनेटेड कॅस्टर ऑइल करून बघा. पेग-४० बहुधा कमी मापात काम करतं, पण गार हवेत व्हॅसलीनसारखं थिजतं. कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करा आणि मगच तेलात मिसळा. पॉलिसॉर्बेट ८० स्वतःच पिवळट असतं आणि त्याचा थोडा तेलकट वास नाजूक सुगंधात जाणवतो.

रानजाई:
शिडी लावते. पण १ ला ८ म्हणजे २ ग्रॅम तेलाला १६ ग्रॅम पॉलिसॉर्बेट! एवढं हवेत मारायचं?

कोरडा_आरसा:
नाही मारायचं. शिडी जिथे वर जाऊ लागते तिथे सुगंध कमी करा. सोल्युबिलायझर उडून जात नाही: पाणी वाळतं, वास विरतो, पॉलिसॉर्बेट जिथे पडलं तिथेच राहतं. आरशावर चार फवारे मारा, वाळू द्या आणि तिरकं बघा. १६ टक्क्यांचा स्प्रे बोट ओढलं की रेघ उमटेल असा चिकट थर ठेवतो, आणि गुळगुळीत फरशीवर तोच थर पाय घसरवतो. माझ्या मते रूम स्प्रेत सोल्युबिलायझर ६ ते ८ टक्क्यांच्या वर जाऊ नये. संत्र्याला १ ला ६ लागत असेल तर तेल १ टक्काच ठेवा. किंवा संत्र्याचा निम्मा भाग लिनालूल जास्त असलेल्या तेलाने बदला, माप लगेच खाली येतं. प्रोपिलीन ग्लायकॉल ३ ते ५ टक्के घातलं तरी काठावरचं द्रावण बरेचदा निवळतं.

वोडका: ४० टक्क्यांची वोडका निम्म्या बाटलीत घातली की एकूण अल्कोहोल उरतं २० टक्के. त्यात सुगंधी तेल विरघळत नाही, उलट पांढरं होतं. सोल्युबिलायझरशिवाय काम करायचं तर एकूण द्रावणात ७० टक्के किंवा जास्त इथेनॉल लागतं, आणि असा स्प्रे खोलीच्या तापमानालाही पेट घेतो. पेटती मेणबत्ती किंवा गॅस जवळ असताना तो मारायचाच नाही. तुम्हाला अल्कोहोल नकोच आहे, तर हा रस्ता सोडा. व्हिनेगर, ग्लिसरीन, मीठ, खायचा सोडा यांच्यात तेलाला धरणारं टोकच नाही, त्यामुळे हे कुठलंच सोल्युबिलायझर नव्हे. मीठ तर वर सांगितल्याप्रमाणे नुकसानच करतं.

प्रिझर्व्हेटिव्ह हवाच. पाणी आहे तिथे जंतू वाढतात, आणि हे पाणी तुम्ही बारीक तुषार करून श्वासात घेणार आहात. सुगंधी तेलं २ टक्क्यांत ते काम भरवशाने करत नाहीत. फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं तयार मिश्रण १ टक्का, तेलाबरोबरच पॉलिसॉर्बेटमध्ये घाला. नुसत्या पाण्यात ते हळू विरघळतं. पॅराबेन इथे टाळा: पॉलिसॉर्बेटचे मायसेल त्यांना पोटात घेतात आणि पाण्यात जंतूंशी लढायला पुरेसे उरत नाहीत.

सोडियम बेंझोएट वापरायचं असेल तर पीएच ५ च्या खाली हवा. पीएच ५ ला त्याचा साधारण सातवा भागच कामाच्या, म्हणजे आम्ल रूपात असतो, आणि ६ ला जेमतेम दीड-दोन टक्के. आधी बेंझोएट सगळ्या पाण्यात विरघळवा, मग सायट्रिक अॅसिड थोडं थोडं. थोड्या पाण्यातल्या दाट बेंझोएटवर आम्ल ओतलं तर बेंझोइक अॅसिडचे पांढरे कण पडतात आणि नोझल बुजतं.

बाटली काचेची किंवा पीईटीची घ्या. पॉलिस्टायरीनला संत्र्याचं तेल खातं.

द्रावणवही:
एक भर. तेलाच्या विक्रेत्याकडून इफ्राचं (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र घ्या आणि त्यात वर्ग १०बी बघा, घरगुती स्प्रे त्यात येतात. मेणबत्तीच्या वर्ग १२ चा आकडा बघून माप ठरवू नका, तो बराच सैल असतो. घरात मांजर किंवा पक्षी असेल तर त्या खोलीत स्प्रे नकोच. टी ट्री मांजरांना विषारी आहे.

लॅव्हेंडरसाठी १०० ग्रॅमचं सुरुवातीचं माप: तेल १.५, पॉलिसॉर्बेट-२० हे ६, प्रिझर्व्हेटिव्ह मिश्रण १, डिस्टिल्ड वॉटर ९१.५. शिडीत कमी भागलं तर पॉलिसॉर्बेट कमी करा आणि तेवढंच पाणी वाढवा.

रानजाई:
आणि आधीची गढूळ बाटली? तीन दिवसांची आहे, प्रिझर्व्हेटिव्ह नाही.

मापटं:
मग ती टाका. प्रिझर्व्हेटिव्हशिवाय तीन दिवस राहिलेलं पाणी हवेत उडवायचं नाही. बाटली आणि पंप गरम साबणपाण्याने धुवा, अल्कोहोलने खळबळा आणि पूर्ण कोरडे करा.

पुढे कधी ताजी बाटली गढूळ झाली तर मात्र वाचते. तिच्यात वरून पॉलिसॉर्बेट ओतू नका, ते तळाशी गोळा होऊन बसतं. लागणारं जादा पॉलिसॉर्बेट, समजा ३ ग्रॅम, कोरड्या बीकरमध्ये घ्या. त्यात गढूळ द्रावण आधी चमचा-चमचा, जेल सुटल्यावर धारेने, ढवळत ओता. फेस बसेपर्यंत रात्रभर ठेवा आणि सकाळी छापील कागद मागे धरून बघा.