मदत हवी आहे: रुग्णालयातील म्युकरमायकोसिसचा दीर्घकालीन कल कसा ठरवावा?

सूक्ष्मजीव_निवासी: प्रबंधासाठी आमच्या रुग्णालयातील म्युकरमायकोसिसच्या (‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या) रुग्णांचा २०१२ ते २०२३ या काळातील कल मांडायचा आहे आणि मार्गदर्शकांना पुढच्या आठवड्यात आलेख दाखवायचा आहे. २०२१ चा, म्हणजे कोविड लाटेतला सुळका इतका उंच येतो की बाकीची वर्षे तळाशी चिकटतात. ते वर्ष वगळले, तरी २०१९ पर्यंत चढ दिसतोच. हा चढ खरा मानावा का, आणि कोणती संख्याशास्त्रीय चाचणी लावावी? कृपया लवकर सांगावे.

आकडेमोड: रुग्ण कोणत्या नोंदीतून मोजले आणि छेद (ज्या एकूण संख्येने भागायचे ती) कोणता घेतला, हे कळल्याशिवाय चाचणी सुचवणे व्यर्थ आहे. त्या वर्षांत खाटा वाढल्या असतील, तर रुग्णही वाढलेले दिसणारच.

कान_नाक_घसा: चढ खराच आहे. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या वैद्यकीय संस्थेत १९९० ते १९९९ या दहा वर्षांत १२९ रुग्ण नोंदले गेले, २०००–२००४ या पाचच वर्षांत १७८, आणि पुढे २००६–०७ मधील दीड वर्षात ७५. तेव्हा कोविड कुठे होता? आपल्याकडे या आजाराचे मूळ अनियंत्रित मधुमेहात आहे. रक्तात आम्ल वाढले की प्रथिनांना बांधलेले लोह सुटते आणि बुरशीला ते आयते मिळते. नाकात काळी खपली दिसताच ऊतींचा नमुना पाठवा, ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सुरू करा आणि सडलेला भाग काढा, हे मी प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगत असतो.

आकडेमोड: उपचार कोणी विचारलेले नाहीत. पीजीआयकडे दूरदूरहून रुग्ण पाठवले जातात, त्यामुळे तिथली वाढ काही अंशी पाठवणीची वाढही असू शकते. फ्रान्समध्ये देशभरातील रुग्णालयांच्या नोंदी लोकसंख्येशी ताडून पाहिल्या, तेव्हा १९९७ मधील दर दहा लाखांमागे ०.७ हे प्रमाण २००६ मध्ये १.२ झालेले आढळले. अशा वाढीवर विश्वास ठेवता येतो.

नोंदविभाग: आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील म्युकरमायकोसिसच्या संकेतांक बी४६ वरून यादी काढली असेल, तर बी४९ खालच्या ‘अनिर्दिष्ट बुरशी’च्या फायलीही उघडून पाहाव्यात, घाईच्या काळात बरेच काही तिथे टाकले जाते. शिवाय एकच रुग्ण आधी जबड्याच्या आणि मग डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा दाखल होतो आणि यादीत दोनदा येतो.

गृहिणी_नाशिक: कांद्यावरच्या काळ्या बुरशीनेही हा आजार होतो का? आम्ही कांदे धुऊनच वापरतो.

नोंदविभाग: नाही, ताई. ती बहुधा ॲस्परजिलस नायजर असते. ती वेगळी बुरशी आहे.

सूक्ष्मजीव_निवासी: रुग्ण आमच्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून घेतले आहेत, म्हणजे केओएच तपासणीत (नमुन्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) रुंद, पडदे नसलेले तंतू दिसलेले सर्व. दाखल रुग्णांची वार्षिक संख्या उपलब्ध आहे. २०१६ पूर्वी मात्र शस्त्रक्रियेतील नमुने बहुतेक फक्त विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात जात; आमच्याकडे ते त्यानंतर नियमित येऊ लागले.

आकडेमोड: मग चढाचे निदान एक कारण हेच आहे, आणि ही गोष्ट पहिल्याच प्रश्नात यायला हवी होती. विकृतिशास्त्राचे सर्व वर्षांचे अहवाल मिळवा, दोन्ही याद्या जुळवून प्रत्येक रुग्ण एकदाच मोजा, आणि मग दाखल रुग्णसंख्या छेदस्थानी धरून प्वासाँ प्रतिगमन (मोजणीच्या आकड्यांचा कल तपासण्याची पद्धत) करा. आकड्यांचे विखुरणे त्या पद्धतीच्या अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर ऋण द्विपद प्रतिगमन. २०२० आणि २०२१ हा स्वतंत्र कालखंड ठेवा, कारण तेव्हा इतर रुग्णांची भरती घटली आणि छेदही बदलला. आलेखाचा उभा अक्ष लघुगणकी (समान अंतर म्हणजे समान पट) घेतल्यास सुळक्याचाही प्रश्न सुटेल.

कान_नाक_घसा: मधुमेह आणि स्टिरॉइडचे रकाने तरी ठेवा. २८ जून २०२१ पर्यंत देशात नोंदलेल्या ४०,८४५ रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि सुमारे ५३ टक्क्यांनी स्टिरॉइड घेतले होते. त्या कोविड लाटेआधीच्या तुमच्या रुग्णांत हे प्रमाण किती होते, हे कळले तर तो प्रबंध मी स्वतः वाचेन.

सूक्ष्मजीव_निवासी: विकृतिशास्त्राचे जुने अहवाल कागदी आहेत, पण उद्या परवानगीचा अर्ज देतो. ज्यांचे फक्त केओएच सकारात्मक आहे आणि ऊतींचा अहवाल सापडतच नाही, त्यांना वगळावे की ‘संभाव्य’ असा वेगळा गट करावा?

आकडेमोड: वेगळा गट करा आणि विश्लेषण दोनदा चालवा, एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याविना.